लांताऊचा मोठा बुद्ध: एक दिवस धुक्यात, एक दिवस उन्हात

हाँगकाँगला जाणारे बहुतेक लोक लांताऊ बेटावरच्या बुद्धमूर्तीला अर्धा दिवस देतात, म्हणजे सकाळी केबल कारने वर, फोटो, खाली, आणि संध्याकाळी शहरात शॉपिंग. आम्ही फक्त तेवढ्यासाठीच गेलो होतो, मी आणि आई. चार दिवस बेटावरच्याच तुंग चुंगला राहिलो आणि हाँगकाँग शहराच्या बाजूला फिरकलोही नाही, परत आल्यावर सगळ्यांनी वेड्यात काढलं पण मला त्याचं जराही वाईट वाटत नाहीये. कोणी घरातल्या मोठ्यांना घेऊन जाणार असेल तर उपयोगी पडेल म्हणून सगळं सविस्तर लिहून ठेवतेय.

आधी आईबद्दल सांगते, कारण ही ट्रिप तिचीच होती. वय सहासष्ट, दोन्ही गुडघे दुखतात, जिना म्हटलं की आधी कठडा शोधते. आमचे आजोबा १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला बाबासाहेबांसोबत दीक्षा घेतलेल्या लाखो लोकांत होते, आणि त्यांनी नंतर कधीतरी आणलेली वीतभर प्लास्टरची बुद्धमूर्ती आजही आईच्या घरात फळीवर आहे. तिचा वर केलेला उजवा हात मनगटातून एकदा तुटलेला, तो एम-सीलने चिकटवलाय, जोड अजून राखाडी दिसतो. आई रोज संध्याकाळी त्याच मूर्तीसमोर त्रिशरण पंचशील म्हणते. लांताऊच्या मूर्तीचा फोटो तिने पहिल्यांदा मोबाईलवर बघितला तेव्हा बोट ठेवून म्हणाली, "बघ, तोच हात." झालं, त्या दिवशीच ठरलं.

दिवस १

भारतीय पासपोर्टवर हाँगकाँगला चौदा दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही पण जायच्या आधी ऑनलाइन प्री-अरायव्हल रजिस्ट्रेशन करावं लागतं, ते फुकट आहे, त्याची स्लिप प्रिंट काढून जवळ ठेवा, आमच्याकडे चेक-इनलाच मागितली. मुंबईहून रात्रीची डायरेक्ट फ्लाइट होती, सहा तासांच्या आसपास लागतात, घड्याळ अडीच तास पुढे करायचं.

लोकांच्या लक्षात येत नाही ती गोष्ट म्हणजे एअरपोर्ट लांताऊला अगदी खेटूनच आहे. त्यामुळे मूर्ती बघायची तर शहरात हॉटेल घेऊन रोज तासभर मेट्रोने येण्याची काही गरज नाही, तुंग चुंगलाच उतरा, एस-वन नंबरची बस एअरपोर्टवरून थेट तुंग चुंग स्टेशनला सोडते. एअरपोर्टवरच ऑक्टोपस कार्ड घेतलं, बस मेट्रो दुकानं सगळीकडे तेच टेकवायचं, सुट्टे शोधत बसावं लागत नाही. आईला ते टेकवल्यावर येणारा टुक आवाज आवडला, प्रत्येक बसमध्ये तीच पुढे होऊन दोन्ही कार्डं टेकवायची.

मार्चचा शेवट होता. या दिवसांत तिकडे दमट हवा आणि धुकं असतं हे वाचलं होतं पण इतकं असेल असं वाटलं नव्हतं. हॉटेलच्या खिडकीतून डोंगर दिसायला हवे होते, तिथे नुसता पांढरा पडदा. आई दमलेली होती, लवकर झोपली. मी मात्र रात्री दोनदा उठून खिडकीतून बघितलं, अंधारात काय दिसणार होतं कोण जाणे.

दिवस २

सकाळीही तेच. केबल कारच्या स्टेशनकडे जाऊन आलो, तिकडे वरचा कॅमेरा स्क्रीनवर दाखवत होते, त्यात काहीच दिसत नव्हतं. केबल कारची खरी मजा खालचा समुद्र आणि डोंगर बघण्यात आहे, ढगातून जायला एवढे पैसे कशाला, म्हणून आजचा दिवस बस आणि उद्या केबल कार असं ठरवलं. तुंग चुंगहून तेवीस नंबरची बस थेट न्गाँग पिंगला, म्हणजे मूर्ती आणि मठ आहे त्या डोंगरावरच्या जागी जाते. रस्ता अरुंद, चढाचा, वळणावळणाचा, समोरून दुसरी बस आली की एकीने थांबायचं. ज्यांना गाडी लागते त्यांनी गोळी घेऊनच बसा.

वर उतरलो तर दहा पावलांपलीकडचं दिसेना. आणि धुक्यात पहिलं काय भेटलं तर गाय! तपकिरी रंगाच्या तीन गाई रस्त्याच्या कडेला निवांत बसल्या होत्या. पूर्वी बेटावर शेती होती, ती बंद पडल्यावर लोकांनी गुरं मोकळी सोडली, त्यांचीच ही पुढची पिढी, कोणाच्या मालकीची नाही. आईला इतका आनंद झाला, तिने तिथेच पहिला फोटो काढायला लावला. बुद्ध बघायला आलोय आणि पहिला फोटो गाईचा, मला तो सगळ्यात जास्त आवडतो.

आधी पो लिन मठात गेलो. पो लिन म्हणजे अमूल्य कमळ. १९०६ मध्ये चीनच्या जिआंगसू प्रांतातून आलेल्या तीन भिक्खूंनी इथे सुरुवात केली तेव्हा याला नुसतं मोठी झोपडी म्हणायचे, आत्ताचं नाव १९२४ मधलं. जुन्या मुख्य सभागृहात भूत, वर्तमान आणि भविष्यातल्या बुद्धांच्या तीन मूर्ती आहेत आणि मागे नवीन प्रचंड मोठं दहा हजार बुद्धांचं सभागृह आहे, सगळ्या भिंतींवर रांगेने लहान लहान सोनेरी बुद्ध. आई आधी जरा बावरली. आपल्याकडच्या विहारात किती साधं असतं, एक मूर्ती, मेणबत्ती, फुलं, बाबासाहेबांचा फोटो, आणि इथे ड्रॅगनचे खांब, लाल सोनेरी छत, मनगटाएवढ्या जाड उदबत्त्या. पण एका कोपऱ्यात एक म्हाताऱ्या बाई डोळे मिटून हात जोडून उभ्या होत्या, ओठ हलत होते, त्यांच्याकडे बराच वेळ बघून आई त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि हळू आवाजात "नमो तस्स भगवतो अरहतो सम्मासम्बुद्धस्स" सुरू केलं. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, झाल्यावर दोघी एकमेकींकडे बघून वाकल्या. मी लांब खांबाजवळ उभी होते, जवळ गेले नाही.

मग पायऱ्या. २६८ आहेत. ज्यांना चढणं शक्य नाही त्यांच्यासाठी वर जाणारा वळणाचा गाडीरस्ता आहे, मी आईला म्हटलं आपण चौकशी करू. ती पायऱ्यांच्या तोंडाशी उभी राहून वर बघत होती. धुक्यामुळे फक्त पहिल्या वीसेक पायऱ्या दिसत होत्या, पुढे पांढरं. म्हणाली, "एवढ्याच तर आहेत, एवढ्या चढते." त्या चढली. पुढच्या वीस दिसायला लागल्या. "या पण चढते." असं करत करत, कठडा धरून, प्रत्येक सपाट जागेवर थांबून, पाणी पिऊन, मी मागे एक हात तिच्या पाठीशी धरून. पाऊण तास लागला आम्हाला. आजूबाजूने पोरं धावत वर जात होती आणि धुक्यात गायब होत होती. मी मनातल्या मनात मोजत होते पण तिला आकडा सांगितला नाही, तिने विचारलाही नाही.

वर पोचलो आणि मूर्ती दिसलीच नाही. खरंच नाही. चौतीस मीटरची मूर्ती डोक्यावर असून दिसत नव्हती. धुक्यातून आधी समोर आली ती एक कांस्याची देवी, बसलेली, दोन्ही हात पुढे करून काहीतरी अर्पण करतेय. अशा सहा आहेत मूर्तीभोवती, त्यांच्या हातात फूल, धूप, दिवा, लेप, फळ आणि वाद्य, आणि त्या सहा वस्तू म्हणजे सहा पारमिता, बोधिसत्त्वाने पूर्णत्वाला न्यायचे सद्गुण, दान, शील, क्षांती, वीर्य, ध्यान, प्रज्ञा. आपल्याकडे आईने शिकलेल्या दहा पारमिता, इकडे महायानात सहा. आईने बोटांवर जुळवून बघितल्या आणि म्हणाली, नेक्खम्म, सच्च, अधिट्ठान आणि मैत्री, उपेक्खा कुठे गेल्या, आणि आमच्या यादीत तर ध्यान नाहीच. मला काही सांगता आलं नाही. पण ज्याला हे पाठ आहे अशा माणसाबरोबर अशा जागी जाण्यात किती फरक पडतो ते तेव्हा कळलं, मी एकटी असते तर सहा सुंदर पुतळे एवढंच बघून पुढे गेले असते.

मग वर बघितलं तर कमळाच्या पाकळ्यांची खालची कड तेवढी दिसत होती. ओलं कांस्य, हिरवट तपकिरी, त्याच्यावर धुक्याचे थेंब जमून बारीक ओघळ आलेले, आणि दोन पत्रे जिथे जोडलेत तिथली सरळ रेघ. अख्खी मूर्ती अशा २०२ तुकड्यांची आहे, आतून पोलादी सांगाडा, वजन २५० टनांहून जास्त. पाकळीच्या वर मांडी, पोट, छाती, चेहरा सगळं ढगात. मला वाईट वाटत होतं, एवढी चढली बिचारी आणि काहीच नाही. तिला तसं म्हटलं तर म्हणाली, "आहेत की वर. मला दिसत नाहीत म्हणून काय उठून गेलेत का?" आणि तिथेच ओल्या दगडावर रुमाल टाकून बसली, पंधरा वीस मिनिटं. परित्राण पाठातलं, म्हणजे रक्षणासाठी म्हणतात त्या पाली सुत्तांतलं, जे तिला पाठ आहे ते म्हटलं.

उतरताना गुडघ्यांना जास्त त्रास होतो हे लक्षात ठेवा, आम्ही तिरकं तिरकं उतरलो. खाली मठाच्या शाकाहारी भोजनालयात जेवलो, कूपन घ्यायचं आणि टेबलवर बसायचं, भात, सूप, मशरूम, टोफू, भाज्या. कांदा लसूणही घालत नाहीत. आईला भाज्या सपक वाटल्या पण सूप दोनदा घेतलं. नंतर टोफूचं गोड मिळतं, गरम, मऊ, वर साखरेचा पाक, ते मात्र अगदी नक्की खा.

दिवस ३

सकाळी सहाला आईने उठवलं. "डोंगर बघ." खिडकीबाहेर लख्ख, प्रत्येक झाड मोजता येईल इतकं स्वच्छ. हवा रात्रीत फिरली होती. लगेच आवरून केबल कारच्या रांगेत पहिल्यांत जाऊन उभे राहिलो. तिकीट ऑनलाइन आधी काढलं तर रांग कमी लागते, आणि वर्षातून काही दिवस ती देखभालीसाठी बंद असते त्यामुळे तारखा आधी बघून घ्या. काचेच्या तळाच्या केबिनही असतात, आईला नको होतं, साधीच घेतली.

५.७ किलोमीटरचा प्रवास, साधारण पंचवीस मिनिटं. आधी समुद्र ओलांडून एअरपोर्टच्या बेटापर्यंत जाते, तिथे वळते, आणि मग डोंगर चढायला लागते. खाली धावपट्टीवरून विमानं सुटताना दिसतात, पलीकडे झुहाई आणि मकावला जाणारा लांबच लांब पूल समुद्रात घुसलेला दिसतो. आई सुरुवातीला माझा हात घट्ट धरून खाली बघायचंच टाळत होती. शेवटच्या टप्प्यात एक डोंगर पार केला आणि समोर तो दिसला. लांब, डोंगराच्या माथ्यावर, लहानसा, अगदी आपल्या फळीवरच्या मूर्तीएवढा. आईने माझा हात सोडून काचेवर हात ठेवला. केबिन जवळ जाईल तसा तो मोठा होत गेला आणि कुणीच काही बोललं नाही, आमच्याबरोबर एक कोरियन कुटुंब होतं तेही गप्प.

आणि मग आईला पायऱ्या दिसल्या. उन्हात, सरळसोट, खालपासून वरपर्यंत. पायथ्याशी उभी राहून तिने कमरेवर हात ठेवले. "या? या सगळ्या मी काल चढले?" मी म्हटलं हो. परत विचारलं. काल हे असं दिसलं असतं तर मी पहिल्या पायरीवर पाऊल ठेवलं नसतं, असं ती स्वतःच म्हणाली, आणि मग हसायलाच लागली, डोळ्यात पाणी येईपर्यंत. त्या धुक्याला मी आदल्या दिवशी इतकी नावं ठेवली होती.

त्या दिवशी ती चढली नाही. खालच्या मोकळ्या जागेत एका कट्ट्यावर बसली, चेहरा नीट दिसेल अशी जागा शोधून. इथून बघताना ज्या गोष्टी लक्षात येतात त्या वर पायाशी उभं राहून कधीच दिसत नाहीत. उजवा हात वर, अभयमुद्रा, भिऊ नका. डावा हात मांडीवर उघडा, दानाचा. छातीवर स्वस्तिक. डोळे अर्धे मिटलेले, पण खालून बघितलं की असं वाटतं आपल्याकडेच बघतोय. मोठ्या बुद्धमूर्ती बहुतेक दक्षिणेकडे तोंड करून असतात, हा उत्तरेकडे बघतो, चीनच्या मुख्य भूमीकडे. खालचा गोल चौथरा बीजिंगच्या स्वर्गवेदीसारखा आहे, तिला चिनीत तियान तान म्हणतात, त्यावरूनच मूर्तीचं नाव तियान तान बुद्ध. २९ डिसेंबर १९९३ ला काम पूर्ण झालं, चिनी पंचांगाप्रमाणे बुद्धांना ज्ञान झालं तो दिवस. उघड्यावरच्या बसलेल्या कांस्य मूर्तींमध्ये २००७ पर्यंत ही जगात सगळ्यात उंच होती.

मी एकटी वर गेले. आत तीन मजले आहेत, त्याला तिकीट लागतं, वरच्या मजल्यावर बुद्धांचा अस्थिधातू जपून ठेवलाय, आणि आत एक मोठी कोरीव घंटाही आहे, दर सात मिनिटांनी अशी दिवसात १०८ वेळा वाजावी अशी तिची रचना, माणसाच्या १०८ क्लेशांतून सुटका म्हणून. तिचा आवाज पायातून येतो असं वाटलं मला. बाहेर आले आणि कठड्यावरून खाली बघितलं तर आई दिसली, जांभळी शाल, ठिपक्याएवढी, मान वर करून बसलेली. हात हलवला, तिला दिसलं नाही. तिचं लक्ष माझ्याकडे नव्हतंच.

दुपारी विस्डम पाथ, मठापासून पंधरा वीस मिनिटं सपाट सावलीतली वाट आहे, आईला जमली. इथे फार कमी लोक येतात आणि माझ्या मते हे चुकवणं म्हणजे मोठी गोष्ट चुकवणं. डोंगराच्या उतारावर ३८ उंच लाकडी खांब उभे केलेत, इंग्रजी आठ आडवा टाकल्यासारख्या आकारात, म्हणजे अनंताचं चिन्ह, आणि त्यावर संपूर्ण प्रज्ञापारमिता हृदयसूत्र, महायानातलं शून्यतेवरचं छोटंसं सूत्र, चिनी अक्षरांत कोरलंय. अक्षरं लिहिली जाओ त्सुंग-इ नावाच्या फार मोठ्या विद्वानांनी, २०१८ मध्ये वयाच्या शंभरीत वारले. आता ऐका, हे जाओ १९६३ मध्ये पुण्याला भांडारकर संस्थेत आले होते, संस्कृतच्या अभ्यासासाठी! मी हे तिथे उभं राहून आईला सांगितलं तर तिने खांबावरच्या एका अक्षरावर हळूच बोट फिरवलं. चरे पडलेलं लाकूड, ऊन लागून गरम झालेलं, अक्षराची खाच बोट बुडेल एवढी खोल.

चीनमध्ये हृदयसूत्राचं जे भाषांतर घरोघरी म्हटलं जातं ते ह्युएन त्संगचं मानतात. तोच चिनी प्रवासी भिक्खू ह्युएन त्संग जो सातव्या शतकात पुलकेशीच्या काळात आपल्या महाराष्ट्रात येऊन गेला आणि ज्याने डोंगरात कोरलेल्या एका विहाराचं वर्णन लिहून ठेवलंय, ते अजिंठ्याचं असावं असं बरेच अभ्यासक मानतात. शेवटचा मंत्र त्याने भाषांतर न करता तसाच ठेवला, चिनी अक्षरांत नुसता उच्चार. त्यामुळे शेवटच्या खांबांवर जे कोरलंय ते चिनी दिसतं पण आहे आपलंच, गते गते पारगते पारसंगते बोधि स्वाहा. मी मोठ्याने म्हटलं. आईला हा मंत्र माहीत नव्हता, तिने दोन वेळा माझ्याकडून म्हणवून घेतला आणि मग पर्समधल्या डायरीत लिहून घेतला.

सगळ्यात उंचावर जो खांब आहे तो कोरा आहे. एकही अक्षर नाही, शून्यता. त्याच्यामागे लांताऊ शिखर, ९३४ मीटर, त्यावरून ढगाची सावली सरकत होती. आई त्या कोऱ्या खांबापाशी सगळ्यात जास्त वेळ थांबली. काय विचार करत होतीस असं रात्री विचारलं तर म्हणाली, "काही नाही." आणि ती नेहमी खरंच सांगते.

दिवस ४

रात्रीची फ्लाइट होती म्हणून सकाळी ताई ओला गेलो, लांताऊच्या पश्चिम टोकाचं कोळ्यांचं गाव. पाण्यात खांब रोवून त्यावर घरं, खालून होड्या जातात, दुकानादुकानांत सुकवलेले मासे टांगलेले आणि जवळ्याच्या चटणीचे डबे. वास असा की आईने डोळे मिटून एक मोठा श्वास घेतला. फार काही केलं नाही, पुलावर बसलो, पाय दुखत होते तिचे. दोन तास पुरतात.

परतीला ताई ओवरून तुंग चुंगची अकरा नंबरची बस घेतली, डाव्या बाजूची खिडकी धरा. बस शेक पिक धरणाच्या भिंतीवरून जाते, एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला तलाव, आणि तलावाच्या मागे वर डोंगराच्या कडेवर तो दिसतो, पण पाठमोरा. उत्तरेकडे तोंड आहे ना. नुसती पाठ, खांदे आणि डोकं, आकाशावर काळं. आईने खिडकीची काच हाताने पुसली. बस भिंत ओलांडून वळेपर्यंत बघत होती, वळल्यावर मान मागे वळवून बघितलं, मग झाडी आली.